भाऊंचं मंत्रिपद

आमच्या भाऊंचं मंत्रिपद लोणावळ्यात गेलं, तेव्हा मी शेजारीच होतो. भाऊ म्हणजे माझ्या ताईचे यजमान, धायरीकडचे आमदार. तरुणपणी ते आणि आताचे मुख्यमंत्री एकाच स्कूटरवरून पक्षाची पोस्टरं चिकटवत फिरायचे. पुढे मित्र चढत गेला आणि भाऊ आमदारच राहिले.

या मंत्रिमंडळ विस्तारात त्यांचं नाव नक्की होतं. नवं जाकीट घालून शपथविधीला निघाले, सोबत ताई आणि मी. लोणावळ्यात चहाला थांबलो, तोच खुद्द मुख्यमंत्र्यांचा फोन आला. भाऊ नुसतं "हो, हो, समजतो ना" म्हणत राहिले. मग फोन ठेवून जाकिटाची बटणं सोडायला लागले.

ताईनं विचारलं, "काय म्हणाले?"

"दुसऱ्या पक्षातून आलेल्यांना घ्यावं लागतंय. तू आपलाच माणूस, समजून घेशील, म्हणाला."

"मागच्या वेळीही हेच म्हणाले होते."

"त्याच्या मागच्या वेळीही."

ताई थकून म्हणाली, "अहो, मग एकदा परके होऊन बघा की!"

भाऊंनी गार झालेला चहा संपवला.

"तिकडेही विचारून पाहिलं गं. तेही म्हणाले, जरा थांबा."