फक्त पाणी घाला

...आणि वर लोक मलाच विचारतात, "भिमाजीअण्णा, निलगिरीला कोण पाणी घालतं? ती तर आख्खी विहीर पिऊन बसती!" आता काय सांगू त्यांना? तुम्ही बसलाच हायेत, तर तुम्हाला सांगतो.

आम्ही निफाडकडचे द्राक्षवाले. आमच्यात लेकरू बोलायच्या आधी भुरी आणि केवडा हे वेलीचे रोग ओळखतं. बुरशी दिसली की मारायची, एवढंच आमचं शिक्षण. आणि नवसाबाई, माझी बायको हो, शहाण्णव साली शेतकी कॉलेजात आठवडाभर शिकून आली, आणि घरी आणलं काय, तर पिशवीभर बुरशी! मुरमाड बांधावर लावायला निलगिरीची हजारभर रोपं करत होती ती. म्हणती, "अहो, ही चांगली बुरशी हाय. मुळाला धरून राहती, लांबचं पाणी ओढून रोपाला देती." म्हटलं, "चांगली बुरशी? उद्या चांगला चोर आणशील." हसली नुसती. भाजीत हळद घालावी तशी एकेका रोपाच्या पिशवीत चिमूटभर घातली, आणि रोपं अशी उठली की मीच येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत सुटलो.

मार्चात तिला नाशिकला दवाखान्यात ठेवलं. कावीळ मुरली म्हणाले. जाताना गाडीत बसून एकच बोलली, "रोपांना फक्त पाणी घाला. बाकी काही करू नका."

फक्त पाणी घाला. आता तीस वर्षं पाठीवर फवारणीचा पंप वागवलेल्या माणसाला हे जमायचं कसं, तुम्हीच सांगा? चौथ्या दिवशी एक पिशवी फाटलेली दिसली, आत मुळाभोवती पांढरी जाळी. तिनं सगळं सांगितलं होतं हो, पण डोळ्याला दिसलं ना... म्हटलं हिची रोपं गेली, घरी आल्यावर काय तोंड दाखवू, आणि कालवला बुरशी मारायचा मोरचूद-चुना, झारीनं पिशवी न् पिशवी भिजवली. मायेनं केलं, तुम्हाला सांगतो, लय मायेनं.

आठ-दहा दिवसांत रोपं पिवळी पडली. इकडं दवाखान्यात ती विचारायची, "फक्त पाणी घातलं ना?" मी म्हणायचो, "फक्त पाणी." एकदा तिनं माझा हात हातात घेतला. नखं निळी. तीनदा साबणानं घासली होती, पण मोरचूद कुठं जातो? म्हटलं, "बागेवर मारलं जरा." माल तोडणीला आलेला, अशा वेळी मोरचूद कोण मारतं? हे तिला ठाऊक नाय? माझ्या नखावरून अंगठा फिरवत राहिली, मग म्हणाली, "मालावर डाग पडतील हो." बस. पुन्हा रोपांचं विचारलंच नाय. मी रोज वाट बघायचो, आज विचारील, आज कबूल करून टाकू. पाडव्याच्या आदल्या दिवशी गेली.

रोपं वीतभर राहून वाळली. हौदामागं एक पिशवी तेवढी माझ्या नजरेतून सुटली होती, ती बांधावर लावली. आता दहा वर्षांत कवेत मावत नाय असं झाड झालंय. पावसाळ्यात बुडाशी तपकिरी भुईफोडं उगवतात, तिच्या त्या बुरशीचीच. शेजारचा गोरक्ष पंप घेऊनच आला, "अण्णा, बुरशी लागली झाडाला, मारू का?" पंप त्याच्या पाठीवरून उतरवून ठेवला मी.

रोज दोन कळश्या नेतो. निलगिरीला पाणी लागत नाय, मला काय कळत नाय होय? पण तिनं तेवढंच सांगितलं होतं.