अर्ध्या जिभेचा रिपोर्ट

नाही नाही, उभे काहून डॉक्टर, बसा न — त्या स्टुलावरच्या बरण्या खाली ठेवा, सांडू नका फक्त, फॉर्मलीन आहे, डोळे जळतात. सर्जनसाहेबायनं पाठवलं न वरून? होय, चिठ्ठीवरचं अक्षरच सांगते. काय म्हणून राहिले — 'पेशंट रुपराव, सावनेर. कॅन्सर आहे का नाही, एका शब्दात कळवा. सोमवारी अर्धी जीभ काढायची आहे.' एका शब्दात! अहो, भाजीत मीठ बरोबर आहे हे मी घरी एका शब्दात सांगत नाही, अन् हे —

तुम्ही वर नवे दिसता. पाहूनच समजलं — इस्त्रीचा पांढरा शर्ट, अन् वडीलधाऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही. नुसती मान हलवता. आजकालच्या असिस्टंटात हा गुण राहिला नाही, सांगून ठेवतो.

तर आमचं पॅथॉलॉजीवाल्यायचं लिहणं कसं असते, ऐका. पहिले तुकडा — कोणत्या रंगाचा, तुरीच्या डाळीएवढा का हरभऱ्याच्या. मंग मायक्रोस्कोपखाली काचेवर काय दिसलं ते. अन् शेवटी मत. लिहतो इंग्रजीत, पण अर्थ असा — 'पाहिलेल्या तुकड्यात कॅन्सर दिसत नाही. तथापि तो नाहीच असे म्हणता येत नाही. पेशंटच्या लक्षणांशी ताडून पाहावे.' रुपरावचाही असाच लिहून वर धाडला. याले म्हणतात रिपोर्ट! कोणाच्या बापाले त्यात पकडता येत नाही. साहेब म्हणतात, तुमचं लिहणं म्हणजे धरलं तर चावते, सोडलं तर पळते. म्हणा न! पण साहेबायनं तुकड्यासोबत काय लिहून पाठवलं? 'जीभ.' बस्स. जीभ आहे हे मलेही दिसते! जखम कोणत्या बाजूले, शेजारची दाढ तुटकी आहे का, घासते का — हे कोण सांगणार, जीभ?

आता तुम्ही आपल्यातले म्हणून सांगतो, वर बोलू नका — काच पाहिली तवाच मले समजलं होतं. कॅन्सर नाही. घासून घासून झालेली जखम आहे, दुसरं काही नाही. मंग तसं काहून लिहलं नाही? भीती, बाप्पा. अन् सवय. आमच्या सुमतीले लकडगंजचं स्थळ आलं — पोरगा चांगला, पोरीले पसंत, मलेही पसंत — तर मी उत्तर काय लिहावं? 'स्थळ योग्य वाटते, तथापि.' ते लोक दिवाळीपासून वाट पाहून राहिले. बायको माह्याशी बोलत नाही. पोरगी बोलते, पण ताट आपटून.

अन् दोष तरी कोणाले देता? उभी नोकरी या तळघरात गेली, पण पेशंट कसा असते ते मले माहीत नाही. पेशंट इथं येतच नाही, त्याचा तुकडा येते. तुकडा रडत नाही, विचारत नाही, त्याले 'तथापि' म्हटलं तरी चालते. तुम्ही तर रुपरावचं तोंड पाहिलं असंल न? मंग सांगा, दाढ कशी आहे त्याची? सांगा न, इथं साहेब नाहीत — आऽ काहून करून राहिले? माह्यापुढं कशाले — थांबा. खिडकीकडं वळा. हा जिभेवर काळा टाका, तुकडा काढल्याचा —

रुपराव?

अरे बाप्पा रे. चिठ्ठी तुमच्याच हाती देली साहेबायनं, अन् मी समजलो — अन् तुम्ही बोलत नव्हते ते या टाक्यापायी — सोमवारी जीभ जायची म्हणून माणूस इथं येऊन बसला, अन् मी त्याले भाजीचं मीठ सांगून राहिलो! लाज वाटते हो मले. उघडा, पुन्हा उघडा. ही पाहा दाढ — अर्धी तुटलेली, कोयत्यासारखी धार, अन् नेमकी जखमेवर. झालं ताडून! दाढ काढायची, रुपराव, जीभ नाही. तंबाखूचा खर्रा तेवढा सोडा. कॅन्सर नाही तुम्हाले. थांबा, लिहून देतो — 'कॅन्सर नाही. तथा' — नाही, हे खोडतो. हातच तिकडं वळते मेला. हे घ्या. साहेबायनं एक शब्द मागतला, दोन देले म्हणा.

ऊंहूं, रडू नका न, टाका उसवंल. जा, जा वर लवकर — पेन अजून उघडाच आहे माहा.