कोंबड्यांखालची स्कूटर

...आणि वर मलाच विचारतात, "मंदा, गाडी कुणाची?" आता तुम्हीच सांगा, बाईमाणसाने ह्यावर काय बोलायचं? तुम्हाला सांगते, कोलशेतला आमच्या आळीत ती काळी गाडी आली ना, तेव्हा आमच्या ह्यांनी, धनेशशेठनी, बेंजो लावलेला, पेढे वाटलेले, मागच्या काचेवर हातभर अक्षरांत लेकीचं नाव लिहून घेतलेलं, 'ऋतिका', आणि नंबर एवढा भारी की त्या पैशांत दुसरी छोटी गाडी आली असती! मग रोज संध्याकाळी एकेकाला पकडून आत बसवायचे, एसी लावायचे आणि विचारायचे, "गाडी कुणाची?" समोरच्याने "धनेशशेठची!" म्हणेपर्यंत बिचाऱ्याला उतरू द्यायचे नाहीत!

बरं, धंदा काय, तर रेती, खडी, विटा पुरवायच्या. एक बिल्डर सहा टॉवरचा माल उधारीवर उचलून जो गायब झाला तो झालाच, आणि ज्यांच्याकडून ह्यांनी माल आणलेला ते सगळे आमच्या ओटीवर! रोज चहा कोण करणार? मी! शेवटी आमच्या नणंदेची करिश्मा, ठाण्याच्या कोर्टात वकील आहे, ती बोलली, "मामा, आता नादारीचा अर्ज करा. कोर्टालाच सांगा की देणं माझ्या आवाक्याबाहेर गेलंय." नादारी म्हणजे दिवाळंच हो, पण कोर्टाच्या शिक्क्याचं.

हे म्हणाले, "चालेल. गाडी सोडून सगळं लिही."

"का? गाडी कुणाची?" करिश्माने विचारलं.

"कुणाची म्हणजे? माझी!"

तिने आरसीवर बोट ठेवलं. "हे खाली कुणाचं नाव आहे, मामा? बँकेचं. गाडी तारण आहे. तुम्ही नादार झालात म्हणून तारण सुटत नाही. बँकेशी बोलून हप्ते भरायचे, नाहीतर गाडी द्यायची." आणि हप्ते तर आठ महिने थकलेले! माणूस पार खाली बसला हो. तीन वर्षं ज्या गाडीवरून गावाला दम दिला, ती आपली नव्हतीच कधी... मला खरंच वाईट वाटलं. पण ते दोनच मिनिटं, कारण लगेच करिश्माने विचारलं, "दुसरं वाहन?" तर हे म्हणतात, "नाही." मी म्हटलं, "खोटं कशाला? स्कूटर आहे ना! मागे पडवीत! कोंबड्या बसतात तिच्यावर!" ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी भर मांडवात त्यांचं धोतर ओढलं.

करिश्मा म्हणाली, "तिच्यावर कर्ज?"

"छे गं! आमच्या लग्नाच्या वर्षी घरच्या मिठागराच्या पैशातून रोखीत घेतलेली."

"मग तिला कोण हात लावतंय, मामी? अशी बिनकर्जाची जुनी गाडी, कामाला लागणारी... ती राहील."

"ती ठेवून मी काय करू?" हे ओरडले. कारण दीड महिन्यावर ऋतिकाचं लग्न! आणि ह्यांनी पोरीला शब्द दिलेला, की बाळा, हॉलवर तुला आपल्या गाडीतून नेणार, भाड्याच्या नाही, मामाच्या नाही, आपल्या. आता तुम्हीच बघा, शब्द द्यायचा तर निदान आरसी वाचून तरी द्यावा की नाही!

मग काय केलं असेल? गाडी लपवली! माझ्या माहेरी, मोहन्याला! वर मांडवाचं कापड घातलं, चारी बाजूंनी विटा ठेवल्या, माझ्या भावाला शपथ घातली. कुणाला म्हणून पत्ता नाही! आणि चौथ्या दिवशी बँकेचा वसुलीवाला प्रितम दारात हजर. सज्जन पोरगा हो, चप्पल काढून आत आला. म्हणाला, "काका, मोहन्याला जाऊन गाडी घेऊन आलोय. जाताना म्हटलं तुम्हाला सांगून जावं."

"तुला कुणी सांगितलं?"

"काका, तुम्हीच ना! काल स्टेटस ठेवलेलं. कापड वर करून, बॉनेटवर हात ठेवून. मागे मोहन्याच्या रेयॉन कंपनीची चिमणी दिसत होती."

आता अशा माणसाशी संसार करते मी!

पण खरी गंमत पुढे. आमच्या सासूबाई, सखुबाई, ओटीवरून उठल्या आणि गाडीच्या समोर उभ्या राहिल्या. "ये बाला, गारी कुनाची?" प्रितम म्हणाला, "आजी, बँकेची." "आसंल. पन आमच्या दारान आलती तवा मी तिला कुकू लावलंय. रिकामी नाय जायाची." आणि ताट आणलं हो! बॉनेटवर खण, नारळ, तांदूळ, रीतसर ओटी भरली! सासूबाई रडतायत, हे रडतायत, शेजारच्या विमलाबाई कुणी गेलं की काय म्हणून धावत आल्या त्यापण रडतायत, आणि प्रितम बिचारा किल्ली हातात घेऊन डोळे पुसतोय. जाताना त्याला म्हणाल्या, "सुकाने चालव. खड्डं लय हायेत." गाडी गेली, मागच्या काचेवर आमच्या पोरीचं नाव... जसं काही तिचीच पाठवणी.

लग्नाचा दिवस उजाडला. माझा भाऊ गाडी घेऊन उभा, व्याही त्यांच्या गावाहून, दिव्यावरून, गाडी पाठवतो म्हणाले, पण हे आतल्या खोलीत तोंड लपवून बसलेले. शब्द मोडला, आता कुठल्या तोंडाने येऊ! तेवढ्यात शालू सावरत, मुंडावळ्या बांधलेली ऋतिका दारात. "पप्पा, स्कूटर काढा."

"अगं वेडी का काय?"

"दवाखान्यातून मला घरी कशावरून आणलंत? हिच्यावरूनच ना? मग हिच्यावरूनच न्या. गाडी आपली पाहिजे, असंच ठरलेलं."

मग कोंबड्या हुसकल्या, सीटवर चादर टाकली, बावीस किका मारल्या आणि तेविसाव्या किकेला जो धूर निघाला त्यात अर्धं वऱ्हाड दिसेनासं झालं! ढोकाळीच्या हॉलपर्यंत निघाले बापलेक, पुढे बेंजो, मागे रिक्षात मी, मांडीवर नारळाचं ताट. आणि नाक्यावर? शिट्टी!

हवालदारसाहेब पुढे आले. "हेल्मेट नाही, पीयूसी नाही, नंबर प्लेट अर्धी, नोंदणी संपून किती वर्षं झाली देव जाणे! गाडी कुणाची?"

बेंजो थांबला. मी देवाचं नाव घेतलं. आणि आमचे हे खाली उतरले, फेटा सरळ केला, छाती ही एवढी! "माझी!" म्हणाले. "बँक नाही, तारण नाही, हप्ता नाही. कागद बघा साहेब, एकट्याचं नाव आहे. माझी!"

साहेबांनी कागद बघितला, नवरीकडे बघितलं, हसले. "वा! मग दंडपण एकट्याचाच." आणि मोबाइलवर टकाटक मारून म्हणाले, "जा लवकर, मुहूर्त चुकेल."

मुहूर्त नाही चुकला. पोर दिव्याला सुखात आहे. चलन संध्याकाळी फोनवर आलं, वाहनमालक म्हणून ह्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी म्हटलं, भरा आता. तर हे भरतायत कसले! स्टेटसला ठेवलंय. आणि खाली पहिला बदाम कुणाचा, तर वसुलीवाल्या प्रितमचा... 'अभिनंदन काका!'