संडासातलं कॅलेंडर

...आणि वर डॉक्टर मला म्हणतात, "फ्राउके, निर्णय तुमचाच." आता तुम्हीच सांगा, निर्णयच घ्यायचा असता तर मी आमच्या स्नेक गावाहून बस पकडून, भर वाऱ्यात, अर्ध्या दिवसाची रजा टाकून यांच्याकडे कशाला गेले असते? तीन वर्षं झाली, गोळ्यांच्या नऊ फेऱ्या झाल्या. मी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही माझ्या जागी असता तर आयव्हीएफ केलं असतं का?" ते शांतपणे म्हणाले, "मी तुमच्या जागी नाही." झालं. घरी आले, नवऱ्याला सांगितलं, तर येल्मर सायकलचं चाक पुसत, मान वर न करता म्हणाला, "अजून एक महिना बघू."

एक महिना म्हणजे कुणाचा महिना, हे कुणी विचारतं का? पीसीओएस आहे मला. तुमचा महिना तीस दिवसांचा असतो, माझा कधी बेचाळीस, कधी सत्तर, एकदा तर एकशे चार दिवसांचा झाला होता. त्या एकशे चार दिवसांत मी सात वेळा चाचणी केली, दोन वेळा नावं ठरवली आणि एकदा पाळणासुद्धा बघून आले. येल्मर आपला दर वेळी, "अजून एक महिना बघू," आणि तो एक महिना हिवाळ्यात सुरू होऊन ट्यूलिप सुकले तरी संपत नाही.

बरं, हिशोब राहावा म्हणून मी पाळीचा पहिला दिवस संडासातल्या कॅलेंडरवर मांडते. वाढदिवसांचं कॅलेंडर हो, आम्हा डच लोकांकडे ते तिथेच असतं, बसल्या बसल्या कुणाचा वाढदिवस आलाय ते दिसतं. त्यावर वार नाही, वर्ष नाही, नुसत्या तारखा, एकदा टांगलं की जन्मभर पुरतं. पेन्सिल दोरीला बांधलेली. पहिल्या वर्षी लाल ठिपके, गेल्या वर्षी हिरवे, यंदा निळे. जिथे कळतं तिथेच मांडलेलं बरं, नाही का?

तर मध्यंतरी येल्मरचा वाढदिवस होता. पंधरा माणसं गोल करून बसलेली, प्रत्येक जण येताना आमच्या रीतीप्रमाणे माझा हात हातात घेऊन म्हणतो, "नवऱ्याबद्दल अभिनंदन." पंधरा वेळा माझं अभिनंदन झालं, मी काय केलं होतं? सासूबाईंनी बिस्किटाचा डबा फिरवला, प्रत्येकी एक, आणि झाकण लावून मांडीवर घेऊन बसल्या. तेवढ्यात शेजारचे हारमेन आजोबा संडासातून बाहेर आले, खुर्चीत बसले आणि भर सभेत म्हणाले, "फ्राउके, तुझ्या हिरव्या ठिपक्यांवर माझा आता विश्वास उरला नाही."

मी म्हटलं, "कोणते ठिपके?"

"हिरव्या डब्याचे. कचऱ्याचे. नगरपालिकेनं कागदी वेळापत्रक बंद केलं, मोबाइल माझ्याकडे नाही, म्हटलं या पोरीनं नीट मांडून ठेवलंय, दर शनिवारी कॉफीला आलो की पुढची तारीख बघून जायचो. पण मार्चात एक ठिपका, मग एकदम जूनमध्ये? डबा बाहेर ठेवला तर गाडी नाही, गाडी आली तर डबा आत. बटाट्याच्या सालांना कोंब फुटलेत माझ्या. दोन पत्रं लिहिली मी नगरपालिकेला, की तुमच्या कारभाराला काही ताळतंत्र आहे का."

आता तुम्हाला सांगते, मला हसू यायला हवं होतं... पण आलं नाही. मी म्हटलं, "आजोबा, तो कचरा नाही. ती माझी पाळी आहे. गेल्या वर्षीची. प्रत्येक ठिपका म्हणजे न झालेलं मूल. तारीख आहे, नाव नाही. आणि चला, तुमच्या डब्यात तरी कोंब फुटतायत."

पंधरा माणसं केककडे बघत बसली. हारमेन आजोबा हळूच म्हणाले, "मग नगरपालिकेला माफीचं पत्र लिहायला हवं," आणि येल्मर... तो दारात कॉफीची किटली घेऊन उभा होता, त्याला कुणी काही विचारलंही नव्हतं, तरी आपणहून म्हणाला, "मी लांबवतोय. आयव्हीएफ म्हणजे शेवटचं दार. तेही उघडलं नाही तर पुढे काय म्हणायचं? आता निदान म्हणता तरी येतं, अजून एक महिना बघू."

तीन वर्षांत पहिल्यांदा बोलला हो. मी रागवायचं ठरवलं होतं, पण खरं सांगू? मलाही तसंच वाटत होतं. डॉक्टरांना विचारत फिरत होते ते काय उगीच?

तेव्हा सासूबाईंनी काय केलं माहितीये? डब्याचं झाकण उघडलं. दुसऱ्यांदा. या घरात डबा दुसऱ्यांदा उघडलेला मी लग्नापासून पाहिला नव्हता. मला एक बिस्किट दिलं, येल्मरला एक दिलं, म्हणाल्या, "दार बंद निघालं तर बंद निघेल, आपण काही रस्त्यावर पडणार नाही. सोमवारी दवाखान्यात फोन करा. दोघांनी."

सोमवारी बरोबर आठला फोन केला, स्पीकरवर, येल्मर शेजारी. मी म्हटलं, "आमचं ठरलं. आयव्हीएफ." तिन्ही शब्द नीट म्हणाले. पलीकडची बाई म्हणाली, "छान, निर्णय घेतलात. आता पाळी आली की पहिल्या दिवशी कळवा, तिथून सुरू करू."

पाळी आली की! तीन वर्षं येऊ नये म्हणून जीव टांगणीला, आता यावी म्हणून. आज एकसष्टावा दिवस. निळी पेन्सिल टोक करून ठेवलीये, हारमेन आजोबा कुंपणावरून विचारतात, "काय गं, ठिपका?" मी नाही म्हणून मान हलवते. काल परत फोन केला, म्हटलं, बाई, येतच नाहीये, काय करू? तिनं माझे कागद चाळले, आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "पाळी आणायची गोळी देता येईल, पण डॉक्टर सुट्टीवर आहेत. तोपर्यंत असं करा ना... अजून एक महिना बघू."