शेवटचा भाग अन् माझी पसंती

एका पोरीनं मला पाहताक्षणी पसंत केलं, असं मी लई वर्षं समजून होतो. हसू नका, आधी ऐका.

नव्वदीतली गोष्ट. रविवारी सकाळी टीव्हीवर एका राजघराण्याची सीरियल लागायची. तिचा शेवटचा भाग अन् आमचं आखाडा बाळापूरला पोरगी पाहायला जाणं, दोन्ही एकाच दिवशी आलं.

पोरगी पाटावर बसली. माझ्या मामानं नाव, शिक्षण विचारलं. मग तिचे वडील मला म्हणाले, "तुमाला काही विचारायचं असंल तर विचारा. लाजू नका."

माझी नजर कोपऱ्यातल्या, कापडानं झाकलेल्या टीव्हीवर. मी म्हणालो, "टीव्ही लावता का? थोरल्या राजपुत्राला गादी भेटती का न्हाई, ते आज कळणार हाय."

मामानं मला जोरात चिमटा काढला. पण पोरगीच उठली अन् तिनं टीव्ही लावला. थोरला गादी धाकट्याला देऊन निघाला, तसे तिचे वडील ओरडले, "हे काई बराबर न्हाई!" मी तर रुमालात तोंड खुपसून हमसून हमसून रडलो.

परतताना मामानं रस्ताभर माझी खरडपट्टी काढली. तिसऱ्या दिवशी होकार आला, तवापासून मी मामासमोर छाती काढून चालायचो.

परवा बायकोला विचारलं, "माझ्यात काय पाहिलं होतं गं तू?"

"तुमाला कवा पाहिलं? मी टीव्ही पाहून राहिले होते."

"मग हो काहून म्हणली?"

"पुढच्या रविवारी नवी सीरियल सुरू होणार होती. पुन्हा कोणी पाहायला आलं असतं, तर तिचा पहिलाच भाग बुडाला असता."