जावई पारखायचा चढ

— नाही हो वसंतराव, घड्याळाकडे नका बघू. तुमचा भाचा कुठे पळून जात नाही, आणि गेलाच तर वरच येईल, खालून दुसरा रस्ता नाही या डोंगराला. बसा, हा बाक सावलीतला आहे. खालच्या कमानीपाशी ते दोघं आधी सायकलनं दोन फेऱ्या मारतील, अंग गरम करतील, मग चढायला लागतील — आमच्या रंजनीची ती शिस्तच आहे. तोवर ही कापी घ्या. महालक्ष्मीनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, फ्लास्क भरून दिलाय. म्हणाली, मुलाच्या मामांना नुसतं बसवून ठेवू नका, आणि तुम्ही जास्त बोलू नका. आता दोन्ही एकदम कसं जमायचं ते तिनं सांगितलं नाही. माझी मराठी कळते ना तुम्हाला? तुमच्यासाठी पुस्तकातली काढलीय. घरी आमची तंजावरची चालते, तीनशे वर्षं मुरलेली, त्यात तमिळ इतकं की सांगलीच्या माणसाला निम्मी सोडूनच द्यावी लागेल. परवा तुमचा गंधार महालक्ष्मीशी अर्धा तास बोलला — त्याला काय कळलं देव जाणे, पण मान मनापासून हलवत होता. ते मला आवडलं, खोटं कशाला बोलू.

काय म्हणालात? हां, विचारा की, सगळेच विचारतात. नाही नाही, मुलाला डोंगर चढायला लावायची आमच्या लोकांत अशी रीत नाही. आमच्यात इकडच्यासारखंच — सोज्जी नि बज्जी, म्हणजे तुमचा शिरा नि भजी, मुलगी ताट घेऊन येते, सगळे जमिनीकडे बघतात, संपलं. पण शिरा खाताना माणूस कळतो का? शिरा सगळेच नीट खातात. माणूस कळतो चढावर. आणि चेन्नैत चढ आणायचा कुठून — अख्खं गाव ताटासारखं सपाट, उड्डाणपूल आला की लोकांना घाट लागल्यासारखं वाटतं. हा एक परंगीमलैचा डोंगर काय तो आहे, तोही देवानं आमच्या घराजवळ ठेवला. एग्मोरला रेल्वेच्या कचेरीत एकतीस वर्षं मी सायकलनं गेलो. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी हा चढ, त्याआधी दर रविवारी. रंजनी बारा वर्षांची होती तेव्हापासून माझ्याबरोबर आहे, आता सव्वीसची. शाळेत गणित शिकवते, पोरं चळाचळा कापतात म्हणे. पण या चढावर अजून मीच पुढे असतो. बासष्टाव्या वर्षी, लिहून घ्या. एक सायकलभर अंतर राखून, रोज.

हसू नका, त्याला ताकद लागत नाही. ताकदीनं चढणारे दुसऱ्या वळणावर बसलेले असतात, येताना बघितलंत ना तो कट्टा, तो त्यांच्यासाठीच आहे. चढ म्हणजे काय — तर आपल्याजवळ जेवढं आहे तेवढंच, ते शेवटपर्यंत पुरवायचं. सुरुवात इतकी सावकाश करायची की आपली आपल्यालाच लाज वाटली पाहिजे. लहान गिअर लावायचा, पाय भराभर फिरवायचे, बूड सीटवरून उचलायचं नाही, आणि शेजारचा पुढे गेला तर त्याला हात जोडायचे — जा बाबा, भेटू वर. तिसऱ्या वळणावर रस्ता असा उभा होतो बघा, तिथं खर्च करायचा, तोही निम्माच. संसारातसुद्धा हेच की नाही? पहिल्या वर्षीच सगळा जोर संपवलेली जोडपी मी बघितलीत. म्हणून तर मुलगा चढावर बघायचा.

आतापर्यंत? चार झाले. पहिला कुंभकोणमचा, इंजिनिअर, दुसऱ्या वळणावर ओकला. दुसरा बँकेतला, त्यानं अर्ध्यातून ऑटो केली, वर ती माझ्यासाठीही थांबवली — संस्कार चांगले होते. तिसरा चामडी बूट घालून आला. आणि कार्तिकेय म्हणून एक, मोटारींच्या कारखान्यात होता, तो खरा दमाचा. त्याच्या वेळी मला जरा जास्तच... म्हणजे त्याला जरा जास्तच जड गेलं. मी घरी येऊन सांगायचो, पोराला दम नाही. महालक्ष्मी म्हणायची, पोराला दम नाही का तुम्हाला धीर नाही. बायकांचं काय, काहीही बोलतात. कापी आणखी देऊ?

जड कशामुळे गेलं? चढामुळेच की. आता... हे बघा, यात लबाडी काही नाही. कमानीपासून मी चाळीस पायडल जोरात मारतो. मोजून चाळीस. पिकल्या केसांचा म्हातारा पुढे गेला की तरण्या मुलाला राहवतं का? मुलगी मागून बघत असते. तो जीव खाऊन पाठलाग करतो, मी चाळिसाला पाय सैल सोडतो, तो मला मागे टाकतो, खूश होतो, आणि तिसऱ्या वळणावर मी टुकूटुकू जातो तेव्हा तो सायकलीला टेकून आभाळाकडे बघत असतो. मी कुणाला पाठलाग कर म्हणून सांगितलं होतं का? नाही. धीर धरला असता तर मिळाली असती मुलगी. आज तशीही भानगड नाही. रंजनीनंच काल फर्मान काढलं — अप्पा, उद्या तुम्ही मामांबरोबर ऑटोनं वर जा, गंधारला मी घेऊन येते. मी म्हटलं, सरी, बरं बाई, जातो.

आं? कमानीपाशी? त्याच्या कानात? तुम्ही ऐकलंत होय ते. काही नाही हो, दोन हिताच्या गोष्टी... बरं. बरं, सांगतो, असे बघू नका. म्हटलं त्याला, मोठा गिअर लाव, उभा राहा आणि पहिल्यापासून पिळून काढ, हा डोंगर खालीच जिंकायचा असतो. हो, उलटं आहे, कळतंय मला. बिचाऱ्यानं थँक्यू अंकल म्हटलं, पाया पडायला वाकला. इथल्या पेरुंगुडीच्या सपाट रस्त्यावर सायकल चालवणारं पोर ते, माझ्यावर विश्वास ठेवला त्यानं.

वसंतराव, तुम्हाला मुलगी आहे का? नाही ना. मग कसं सांगू. पहाटे साडेपाचला ती माझ्या दाराची कडी वाजवते. दोघं न बोलता निघतो. वर आलं की या बाकावर पाणी पितो, ती शाळेतलं काहीतरी सांगते, मी अर्धं ऐकतो. एवढंच. लग्न झालं की ती त्याच्या घरी राहील, पुढेमागे पुण्याला जाईल, अमेरिकेला जाईल. कडी कोण वाजवणार? मुलगा वाईट नाही, हे मला परवाच कळलं. म्हणूनच तर कानात सांगितलं. वाईट असता तर गप्प बसलो असतो, आपोआप पडला असता. झालं, आता तुम्ही भाच्याला सांगणार, तो तिला सांगणार, आणि ती...

थांबा. आले बघा. ते शेवटचं वळण, चिंचेच्या मागं. दोघंही सायकलवर आहेत — उतरला नाही तुमचा गंधार. अय्यो, बसलाय की सीटवर. लहान गिअर, पाय भराभर... ऐकलंच नाही माझं. तिनंच शिकवलं असणार. म्हणजे तिला ठाऊक होतं मी काय सांगणार ते.

ती कुठाय? मागं. अर्धं चाक मागं. चांगली दमलेली दिसतेय, बघा कशी धापा टाकतेय, तोही मान वळवून तिला धीर देतोय — नाही. थांबा हो. माझा चष्मा. तिचा डावा हात बघा, दोन बोटं. ब्रेकवर आहेत ना? तुम्हाला दिसतंय ना, का मलाच? चढावर ब्रेक कोण धरतं?

मी तिला चढताना कधी बघितलंच नाही, वसंतराव. मी नेहमी पुढे. मागून धापा ऐकू यायच्या. मला वाटायचं...

कधीपासून अशी ब्रेक धरून माझ्या मागं राहतेय, काय माहीत. मी साठीचा झालो तेव्हापासून असेल. आधीपासूनही असेल.

नाही, काही झालं नाही मला. तुम्ही उठा. ती पाण्याची बाटली घ्या आणि त्याच्या हातात द्या, पहिल्यांदा चढलाय तो, घटाघट पिऊ देऊ नका. आणि सांगून टाका त्याला, आमच्याकडून हो आहे म्हणून. मी नाही, तुम्हीच सांगा. जा ना हो. मला जरा बसू द्या इथं.