तिसऱ्यांदा विचारल्यावर

डिम्फना: टोस्ट तू खा, पिरेत. मला नकोय.

पिरेत: नकोय?

डिम्फना: नको गं. कालपासून नुसती पडून आहे, भूक कुठून लागणार? तू खा, कॉलेजात जाणारी पोर तू.

पिरेत: आता तिसऱ्यांदा विचारते, मिसेस गिलहूली. टोस्ट हवा आहे?

डिम्फना: अर्धा दे. लोणी जरा सढळ हाताने लाव.

पिरेत: लोणी डॉक्टरांनी बंद केलं आहे.

डिम्फना: त्या डॉक्टरला काय कळतंय, मिसरूड फुटलंय नुकतं. माझ्या हृदयात नळी घातली आणि आज सकाळी येऊन विचारतो, कसं वाटतंय? मी म्हटलं, छान. तो म्हणाला, छान, आणि चालता झाला. एकदाच विचारलं बघ. शहरातला, डब्लिनचा असणार.

पिरेत: तुम्हाला छान वाटत नव्हतं?

डिम्फना: मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं. पण तसं कोणी सांगतं का एकदम? असो. पायाशी ती पिशवी कसली?

पिरेत: तुमचा गाऊन, चष्मा, जपमाळ. कुलूप दोनदा तपासलं. मांजरीला मासा दिला.

डिम्फना: गुणाची गं बाई. आता मुख्य ते सांग. काल परीक्षा कशी झाली? गुंगी उतरल्यापासून मनात तेच चाललंय माझ्या. या वेळी तरी दोन वाक्यं जास्त बोललीस ना?

पिरेत: परीक्षा झाली नाही.

डिम्फना: पुढे ढकलली?

पिरेत: झाली. बाकीच्यांची झाली. मी गेले नाही.

डिम्फना: गेली नाहीस म्हणजे काय? आठवडाभर माझ्या स्वयंपाकघरात माझ्याशी गप्पा मारायचा सराव करत होतीस. मी तुला हवापाणी शिकवलं, शेजारणीची चौकशी कशी करायची ते शिकवलं, आणि गेली नाहीस?

पिरेत: परीक्षा नऊला होती. नऊला मी ॲम्ब्युलन्समध्ये होते. तुम्ही माझा हात धरला होता. सोडत नव्हता.

डिम्फना: अरे देवा.

पिरेत: तुम्ही खूप घट्ट धरला होता.

डिम्फना: मरियामाते. ती दुसरी खेप होती ना गं तुझी? इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत दोनदा पास झालं नाही तर नर्सिंगची जागा जाते, असं तूच सांगितलं होतंस.

पिरेत: हो. मग परत एस्टोनियाला. आईच्या बेकरीत काम आहे. वाईट काम नाही.

डिम्फना: वाईट काम नाही म्हणे. तीन वर्षं म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायची म्हणून ध्यास घेतलेली पोर तू, आणि पाव भाजणार. कॉलेजला कळवलंस का, काय झालं ते?

पिरेत: मिस कॉनकॅनन यांचा काल संध्याकाळी फोन आला होता. त्यांनी विचारलं, पिरेत, आज दिसली नाहीस, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, हो.

डिम्फना: हो म्हणालीस?

पिरेत: तेव्हा सगळं ठीक होतं. डॉक्टर म्हणाले होते की तुम्ही वाचलात.

डिम्फना: अगं माझे आई, तिला माझं नव्हतं विचारायचं.

पिरेत: पण त्यांनी सगळं म्हटलं. सगळ्यात तुम्ही येता.

डिम्फना: मग ती काय म्हणाली?

पिरेत: म्हणाली, बरं. आणि फोन ठेवला. मीही ठेवला. कारण सांगत बसणं म्हणजे सबब. आमच्या घरी सबबी सांगत नाहीत.

डिम्फना: तुमच्या घरी काहीच सांगत नाहीत. तू ऑक्टोबरात माझ्याकडे राहायला आलीस तेव्हा मला वाटलं होतं, मुकी मुलगी पाठवली कॉलेजने. आठवतं, पहिल्या रविवारी तू मला केक विचारलास?

पिरेत: तुम्ही नाही म्हणालात.

डिम्फना: आणि तू पूर्ण केक खाऊन टाकलास. माझ्यासमोर. एकेक तुकडा करून.

पिरेत: तुम्हाला नको होता.

डिम्फना: मला पहिल्यापासून हवा होता. दोन दिवस तोंड फुगवून बसले मी, आणि तुझ्या गावीही नाही. शेवटी मलाच शिकवावं लागलं. पहिलं नाही ते रीतीचं. दुसरं नाही म्हणजे समोरच्याला त्रास नको म्हणून. खरं उत्तर तिसऱ्यांदा.

पिरेत: मला ते वेळ वाया घालवणं वाटलं होतं. माफ करा. काल कळलं की ते तसं नाही.

डिम्फना: कॉनकॅननचा नंबर आहे का तुझ्याकडे?

पिरेत: का?

डिम्फना: का म्हणजे? मी बोलते. माझ्यामुळे हुकली, मीच निस्तरते. कॉनकॅनन कुठली? ॲथनराय गावची का? लालसर केस, उंच?

पिरेत: उंच आहेत. केस पांढरे आहेत.

डिम्फना: मग ती माझ्या मैत्रिणीचीच मुलगी. तिची आई आणि मी पोस्टात शेजारी बसून शिक्के मारत होतो. दे इकडे फोन. मोठ्या आवाजावर टाक, माझा कान कालपासून दडा बसल्यासारखा झालाय.

(डिम्फना नंबर लावते. पलीकडचा आवाज दोघींनाही ऐकू येतो.)

कॉनकॅनन: हॅलो?

डिम्फना: हॅलो, मी डिम्फना गिलहूली बोलतेय. तुम्ही मला नाही ओळखणार, पण तुमच्या आईला विचारा. पोस्टातली डिम्फना.

कॉनकॅनन: अगंबाई, तुमचं नाव कितीदा ऐकलंय घरी. कशा आहात?

डिम्फना: मजेत. हॉस्पिटलात आहे जरा.

कॉनकॅनन: हॉस्पिटलात? काय झालं?

डिम्फना: काही नाही हो, हृदयाचं किरकोळ. आईचा गुडघा कसा आहे?

कॉनकॅनन: नवा बसवला. आता आम्हालाच तिच्यामागे पळावं लागतं.

डिम्फना: भाग्याची आहे. आणि पाऊस काय लागलाय हो.

कॉनकॅनन: विचारू नका. कपडे वाळतच नाहीत.

डिम्फना: माझ्या खिडकीतून तर खाडीच दिसत नाही, नुसतं पांढरं.

पिरेत: परीक्षेचं बोला.

डिम्फना: हो गं, थांब जरा, माणसासारखं बोलू दे. काही नाही हो, इथे शेजारी एक जण आहे.

कॉनकॅनन: माझ्याकडे काही काम होतं का, डिम्फना?

डिम्फना: छे, काम कसलं.

कॉनकॅनन: नक्की? सांगा हं, काही असेल तर.

डिम्फना: नाही, नाही. तुम्ही कामात असाल. उगाच कशाला तुम्हाला त्रास.

कॉनकॅनन: खरंच तास आहे हो माझा, मुलं वर्गात येऊन बसलीत. आईला सांगते तुमचा फोन आला होता, ती येईलच भेटायला. काळजी घ्या. बरं मग, ठेवते हं, ठेवते, बाय, बाय बाय...

पिरेत: ठेवू नका. काम आहे.

कॉनकॅनन: कोण बोलतंय?

पिरेत: पिरेत तामे. नर्सिंगचा पहिला वर्ग. मिसेस गिलहूली तुम्हाला तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगणार होत्या, पण तुम्हाला घाई आहे. मला परीक्षा पुन्हा द्यायची आहे.

कॉनकॅनन: पिरेत? तू तिथे काय करतेस? काल तर म्हणालीस सगळं ठीक आहे.

पिरेत: तुम्ही एकदाच विचारलंत.

कॉनकॅनन: बरं. मुलं थांबतील. आता मी पुन्हा विचारते. काल काय झालं?

पिरेत: काल सकाळी मी आठला निघाले. मिसेस गिलहूली जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. तिथे त्या कधी बसत नाहीत. चेहरा पिठासारखा होता. मी विचारलं, बरं वाटत नाही का? त्या म्हणाल्या, मी मस्त आहे, पोटात वारा धरलाय, तू जा, बस चुकेल. मी पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, माझ्यामागे लागू नकोस, परीक्षा महत्त्वाची. मग मी बाहेर पडले. फाटकापर्यंत गेले. बस दिसत होती.

कॉनकॅनन: मग?

पिरेत: आमच्याकडे माणूस एकदा नाही म्हणाला की नाही. तिथे मी बसमध्ये चढले असते. मन शांत ठेवून चढले असते, कारण मी विचारलं होतं. पण मी फाटकात उभी राहिले आणि मला आठवलं की मी दोनदाच विचारलंय. मी परत गेले. गुडघ्यावर बसून विचारलं. तेव्हा त्या म्हणाल्या, छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतंय गं, पण हलकाच माणूस आहे.

डिम्फना: असं म्हणाले मी?

पिरेत: म्हणालात. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर कठीण होतं. मिस कॉनकॅनन, इंग्रजी मी शाळेत शिकले होते. सगळे नियम मला येतात, तुम्हाला माहीत आहे. पण बोलायचं कसं ते मला या घरात आल्यावर कळलं. मी संध्याकाळी आले की या चूल पेटवून माझी वाट बघत असतात. काय काय झालं दिवसभरात, विचारतात. मी म्हणते, काही नाही. या पुन्हा विचारतात. मग मला काहीतरी सांगावंच लागतं. आणि सांगितलं की कळतं, की खरंच काहीतरी झालेलं असतं. इतक्या वेळा मला कधी कोणी विचारलं नव्हतं. घरीसुद्धा नाही. माझी आई चांगली आहे, पण ती एकदाच विचारते. मला नर्स व्हायचं आहे, आणि या देशातल्या म्हाताऱ्या माणसांना तीनदा विचारावं लागतं, हे मला आता माहीत आहे. म्हणून मला परीक्षा द्यायची आहे. झालं माझं.

कॉनकॅनन: पिरेत, पहिल्या खेपेला तू यातलं निम्मंसुद्धा बोलली असतीस तर मी तुला नापास केलंच नसतं. एकेका शब्दात उत्तरं देत होतीस.

पिरेत: तेव्हा तुम्ही पावसाबद्दल विचारलं होतं. पावसाबद्दल मला विशेष काही वाटत नाही.

कॉनकॅनन: खरं आहे. आणि काल मीही चुकले. मी इथलीच, मला तरी पुन्हा विचारायला हवं होतं. परदेशातली मुलगी म्हणून मी तुझं पहिलं उत्तर खरं मानलं.

पिरेत: ते खरंच होतं. फक्त पुरेसं नव्हतं.

कॉनकॅनन: गुरुवारी दहाला ये. वरच्या मजल्यावर, माझ्या खोलीत. दुसरे परीक्षकही असतील, मी त्यांना सांगून ठेवते. पास करीन असं म्हणत नाही हं, परीक्षा घेईन. चालेल?

पिरेत: चालेल. धन्यवाद.

कॉनकॅनन: नक्की चालेल ना?

पिरेत: हो. नक्की.

कॉनकॅनन: शाबास. डिम्फना, लवकर बऱ्या व्हा. आणि नर्सला सांगा, दुखत असेल तर. बाय, बाय बाय, हो, बाय.

पिरेत: ठेवला फोन.

डिम्फना: हं.

पिरेत: नुसतं हं? दुखतंय का? नर्सला बोलावू?

डिम्फना: नाही, खरंच नाही. मी आपली ऐकत होते. मला वाटायचं, ही पोर माझ्या घरी झोपायला येते नुसती. मी बडबडते, ही चहा पिते आणि वर जाते. मी मनात म्हणायचे, हिला माझा कंटाळा येत असेल. मुलगा, सीन, तिकडे दूर पर्थला गेल्यापासून मी भिंतींशी बोलायचे, त्याऐवजी तुझ्याशी बोलते, एवढंच.

पिरेत: कंटाळा येत नाही. मी वर जाऊन तुम्ही काय म्हणालात ते पुन्हा म्हणून बघायचे. आवाजासकट.

डिम्फना: आवाजासकट? म्हणजे माझी नक्कल करतेस वर बसून?

पिरेत: सराव.

डिम्फना: चोर कुठली. तरीच शेजारची फिओना विचारत होती, तुझी पाहुणी फोनवर अगदी तुझ्यासारखी कशी ओरडते म्हणून. सीन दर रविवारी फोन करतो. आई, बरी आहेस ना? मी म्हणते, मस्त. मग तो मुलांचं सांगतो. चांगला आहे गं, त्याची काही चूक नाही. मीच पहिल्या फटक्यात मस्त म्हणून बसते.

पिरेत: आज त्यांना फोन करा. मी लावून देते. काय झालं ते सांगा.

डिम्फना: तो घाबरेल. तिकडे झोपला असेल.

पिरेत: मग उद्या सकाळी. मी येईन तेव्हा लावू.

डिम्फना: उद्या तू अभ्यास करणार आहेस.

पिरेत: इथे बसून करीन. बोलायचीच परीक्षा आहे. तुम्ही आहात.

डिम्फना: पिरेत, जरा खुर्ची पुढे घे. मी बसच्या ड्रायव्हरला उतरताना थँक्यू म्हणते. दुकानात सुटे परत दिले तरी म्हणते. काल तो ट्रॉली ढकलणारा मुलगा होता ना, लिफ्टमध्ये त्यालाही म्हटलं, बाहेर आल्यावर पुन्हा म्हटलं. तुला अजून नाही म्हटलं.

पिरेत: त्याची गरज नाही.

डिम्फना: तोंडावर येतं आणि इतकं स्वस्त वाटतं, की पुन्हा गिळते. दिवसातून शंभरदा उधळलेला शब्द तो.

पिरेत: आमच्याकडे तो क्वचित म्हणतात.

डिम्फना: तेच म्हणते मी. मग तुमच्या पद्धतीनं म्हणते. हवापाणी नाही, काही नाही, आणि पुन्हा म्हणणारही नाही. काल बस सोडून परत आलीस, म्हणून मी आहे. थँक्यू, पोरी.

पिरेत: ऐकलं मी.